सोरायसिसमध्ये इम्युनिटी कमी झालेली नसते, मग आयएल-१७ त्वचेच्या पेशींना नेमकं काय करतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या भावाला, वय ३४, बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे, मलमं झाली, मेथोट्रेक्सेट (इम्युनिटी आवरणारं औषध) झालं, आता डॉक्टरांनी आयएल-१७ अडवणारं इंजेक्शन सुचवलंय. (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, इम्यून पेशी ज्या रासायनिक निरोपांनी बोलतात त्यातला एक प्रकार, अशा सगळ्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात.) घरी आईचं म्हणणं की इम्युनिटी कमी झाल्यामुळे हे होतंय, म्हणून गुळवेलीचा काढा आणि इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या चालू आहेत. आणि तुम्ही विचारताय की हे सायटोकाइन त्वचेच्या पेशींना नेमकं काय करतात, आणि ओळखीतल्या एकांनी इंजेक्शन बंद केल्यावर चट्टे बरोब्बर त्याच जागी कसे काय परत आले.

मी स्कीनची डॉक्टर आहे, सोरायसिसचे पेशंट रोजच्या रोज बघते, आणि मला वाटतं तुमचा खरा प्रश्न असा आहे की इम्युनिटी वाढवायची का कमी करायची. तर दोन्ही नाही. सोरायसिसमध्ये इम्युनिटी कमी नसते आणि सगळीच्या सगळी वाढलेलीही नसते, तिच्यातला एकच ठराविक मार्ग त्वचेत चालू होऊन अडकून बसलेला असतो. हे एकदा कळलं की काढा का नको आणि इंजेक्शन का हे दोन्ही आपोआप लक्षात येतं.

आधी साधी त्वचा कशी चालते ते बघू. आपल्या वरच्या थरात केराटिनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या सगळ्यात खालच्या ओळीत तयार होतात, हळूहळू वर सरकतात, सरकताना चपट्या होतात, आतलं केंद्रक टाकून देतात आणि शेवटी मेलेला कडक थर बनून आपल्या नकळत झडून जातात, या सगळ्याला साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास ४-५ दिवसांत उरकला जातो. पेशीला पिकायला वेळच मिळत नाही, वर पोचते तेव्हाही तिच्यात केंद्रक तसंच असतं (बायोप्सीत आम्हाला ते दिसतं), आणि अशा अर्धवट पेशी एकमेकींना चिकटून थरावर थर जमतात, मध्ये हवा अडकते, म्हणून ते चंदेरी पांढरे खवले दिसतात. खवला खरवडून काढला की खाली बारीक बारीक रक्ताचे ठिपके येतात ते पण याच कारणाने, खालच्या केशवाहिन्या फुगून अगदी वरपर्यंत आलेल्या असतात आणि त्यांच्यावर पेशींचं पातळसं पांघरूण उरलेलं असतं.

पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की दोष या केराटिनोसाइटमध्येच आहे, ती उगाच जोरात वाढते. मग १९७९ मध्ये असं दिसलं की अवयव प्रत्यारोपणासाठीचं सायक्लोस्पोरिन दिल्यावर सोरायसिस साफ होतो. हे औषध टी-सेलला (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) गप्प करतं, म्हणजे गडबडीमागे टी-सेल आहेत. बोन मॅरो प्रत्यारोपणातही असं बघायला मिळालं की दात्याला सोरायसिस असेल तर तो ज्याला मॅरो दिला त्याला सुरू झालाय, आणि उलटही, सोरायसिसवाल्याला निरोगी दात्याचा मॅरो मिळाल्यावर चट्टे गेलेत. म्हणजे आजार दिसतो त्वचेवर पण हुकूम येतोय पांढऱ्या पेशींकडून. "रक्त खराब आहे" असं जे घरोघरी म्हणतात त्याच्याशी मात्र याचा काही संबंध नाही, रक्त शुद्ध करणाऱ्या औषधांनी यातलं काहीच बदलत नाही.

आता हुकूम कसा जातो ते. त्वचेच्या खालच्या थरात डेंड्रिटिक सेल असतात, त्यांचं काम पहारा द्यायचं. त्यांना धोका वाटला की त्या आयएल-२३ आणि टीएनएफ (हेही एक सायटोकाइनच) सोडतात. आयएल-२३ मुळे टी-सेलची एक ठराविक जात, जिला टीएच-१७ म्हणतात, ती टिकते आणि वाढते, आणि या टी-सेल मग आयएल-१७ आणि आयएल-२२ सोडतात. आयएल-१७ आणि आयएल-२२ दोघांचे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे भाग, केराटिनोसाइटवर असतात. आयएल-२२ ची तर गंमत अशी की त्याचा रिसेप्टर रक्तातल्या इम्यून पेशींवर नसतोच, तो निरोप मुळातच त्वचा, आतडी, फुप्फुसं अशा अस्तराच्या पेशींसाठी आहे. म्हणून डॉक्टर जेव्हा "सायटोकाइन वाढलेत" म्हणतात तेव्हा ते सगळ्या अंगात सारखेच उसळलेत असं समजू नका, मुख्य खेळ त्या चट्ट्याच्या आत चाललेला असतो.

दोघांची कामं वेगळी आहेत. आयएल-२२ केराटिनोसाइटला सांगतं की वाढत राहा, पिकू नको. त्याने त्वचा जाड होते आणि त्वचेचा पक्का थर बांधणारी प्रोटीन्स, म्हणजे फिलाग्रिन वगैरे, कमी बनतात. आयएल-१७ वेगळंच करायला लावतं. त्याचा निरोप पोचला की केराटिनोसाइट स्वतःच रसायनं सोडायला लागते, काही न्यूट्रोफिलना (जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींना) बोलावणारी, आणि सीसीएल-२० नावाचं एक जे आणखी टीएच-१७ आणि आणखी डेंड्रिटिक सेलना बोलावतं. शिवाय ती जंतू मारणारी प्रोटीन्स भरमसाठ बनवते, डिफेन्सिन, सोरायासिन, एलएल-३७ अशी. टीएनएफ सोबत असेल तर हे सगळं अजून जोरात होतं, दोघं मिळून जेवढं करतात ते एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त असतं.

आणि इथेच गाडं अडकतं. केराटिनोसाइट नुसता मार खाणारी पेशी नाहीये, ती उलट निरोप पाठवते. तिने बोलावलेल्या पेशी येतात, त्या अजून आयएल-१७ सोडतात, त्याने केराटिनोसाइट अजून बोलावते. मंडपात माईक चुकून स्पीकरच्या समोर धरला की कुंईईई आवाज सुरू होतो ना, कोणी बोलत नसलं तरी तो चालूच राहतो कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्येच शिरतोय, तसं आहे हे. सुरुवात कशानेही झालेली असो, घसा बसला होता, खरचटलं होतं, ते कारण संपलं तरी चक्र फिरतच राहतं. पेशंट मला नेहमी विचारतात की आता तर मी काहीच वावगं खात नाही, टेन्शनही नाही, मग का जात नाही, त्याचं उत्तर हेच आहे.

या चक्राची सुरुवात कशी होते त्याचा एक धागा चांगला उलगडलाय. ते एलएल-३७ मी वर लिहिलं, ते मेलेल्या पेशीतून सांडलेल्या डीएनएला चिकटतं. एरवी आपलाच डीएनए बाहेर पडला तरी पहारेकरी पेशी दुर्लक्ष करतात, पण एलएल-३७ चिकटलेला डीएनए त्यांना व्हायरससारखा वाटतो आणि त्या इंटरफेरॉन अल्फा (व्हायरसविरुद्धचा निरोप) सोडतात, त्याने पुढचं सगळं जागं होतं. म्हणून खरचटल्यावर, ऑपरेशनच्या टाक्यांवर, टॅटूवर, परकराच्या नाडीच्या रेषेत नवीन चट्टे उठतात. हे कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय, कारण आत्ता कळलं. हिपॅटायटिससाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा काही पेशंटना सोरायसिस उफाळायचा तोही यामुळेच. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस इन्फेक्शननंतर मुलांमध्ये पाण्याच्या थेंबांसारखे बारीक चट्टे अंगभर येतात, तो अजून एक रस्ता. पण प्रत्येकाचा रस्ता सारखा नसतो, एचएलए-सी०६०२ हा जीन असणाऱ्यांमध्ये आजार लवकर, बऱ्याचदा तरुणपणी येतो, काहींमध्ये लिथियम (मानसिक आजारावरची) किंवा बीटा ब्लॉकर (बीपी, हृदयासाठीची) अशी गोळी निमित्त होते, काहींमध्ये निमित्त कधी सापडतच नाही. तुमच्या भावाचं कुठून सुरू झालं हे आता शोधत बसण्यात फार हशील नाही, फक्त चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना नक्की दाखवा.

आता आईंच्या मुद्द्याकडे येते, कारण मला तो महत्त्वाचा वाटतो आणि त्यांची काळजी खरी आहे. इम्युनिटी कमी असती तर काय दिसलं असतं? सोरायसिसच्या चट्ट्याला भेगा असतात, त्वचेचा अडसर फाटलेला असतो, तरी त्यात पू धरणं, इन्फेक्शन होणं त्या मानाने फारच कमी दिसतं. याउलट एक्झिमाच्या पेशंटमध्ये स्टॅफिलोकोकसचं इन्फेक्शन वारंवार होतं. फरक कुठे आहे, तर एक्झिमात त्याच केराटिनोसाइटला आयएल-४ आणि आयएल-१३ चा निरोप जातो आणि ती जंतू मारणारी प्रोटीन्स कमी बनवते, सोरायसिसमध्ये आयएल-१७ मुळे ती ढिगाने बनवते. पेशी तीच, निरोप वेगळा, आजार वेगळा. म्हणजे भावाच्या चट्ट्यांमध्ये जंतूंविरुद्धची तयारी नको इतकी जास्त आहे, तिथे "इम्युनिटी वाढवा" हा सल्लाच उलटा पडतो.

गुळवेलीबद्दल अजून एक. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि ती सूज ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे स्वतःचीच इम्युनिटी लिव्हरवर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नव्हती, तो वाद बाजूला ठेवला तरी मी माझ्या पेशंटला इतकंच सांगते की तुम्ही मेथोट्रेक्सेट घेताय, ते मुळातच लिव्हरवर ताण देतं, त्यात इम्युनिटी चाळवणारा काढा घालू नका. आईंना असं सांगून बघा की इम्युनिटी भरपूर आहे, तिला फक्त शांत करायचंय, बऱ्याच घरांत हे पटतं. आहार, झोप, वजन याकडे त्यांनी लक्ष दिलं तर त्याचा खरंच उपयोग आहे, कारण पोटावरची चरबीसुद्धा टीएनएफ आणि आयएल-६ सोडत असते आणि वजन उतरलं की तेच औषध जास्त चांगलं लागू पडतं. सिगारेट असेल तर ती सोडणं कुठल्याही काढ्यापेक्षा मोलाचं.

मग औषधं हे चक्र कुठे कुठे तोडतात? कॅल्सिपोट्रायॉलचं मलम मुख्यतः केराटिनोसाइटलाच पिकायला लावतं. अतिनील किरणांची थेरपी चट्ट्यातले टी-सेल मारते. मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन टी-सेलना आवरतात पण मोठ्या जाळीने, बाकीची इम्युनिटीही त्यात थोडी दबते. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं हे इथे मुद्दाम लिहिते, रोज घेतल्याने जिवावर बेतलेल्या केसेस होतात, तुमचा भाऊ अजून घेत असेल तर त्याचा वार चिठ्ठीवर लिहून कपाटाला चिकटवा.) बायोलॉजिक इंजेक्शनं (जिवंत पेशींपासून बनवलेली प्रोटीनची औषधं) मात्र एकेक निरोप नेमका पकडतात. आधी टीएनएफवाली आली, मग २००९ मध्ये युस्टेकिनुमॅब, जे आयएल-१२ आणि आयएल-२३ दोघांचा सामाईक भाग पकडतं, मग २०१५ मध्ये सेक्युकिनुमॅब, जे थेट आयएल-१७ ए पकडतं, आणि त्यानंतर नुसतं आयएल-२३ पकडणारी गुसेलकुमॅब, रिसँकिझुमॅब वगैरे. आपल्याकडे बंगळुरूच्या बायोकॉनने इटोलिझुमॅब म्हणून टी-सेलवरच्या सीडी-६ ला धरणारं औषध २०१३ मध्ये सोरायसिससाठी आणलं होतं, तो वेगळा रस्ता.

यातून आम्हालाच फार शिकायला मिळालं. टीएनएफ अडवलं की पेशंट सुधारतात, पण आयएल-१७ किंवा आयएल-२३ अडवलं की जास्त पेशंट जवळजवळ पूर्ण साफ होतात, यावरून कळलं की सोरायसिसचा कणा आयएल-२३ ते आयएल-१७ हाच आहे आणि टीएनएफ त्याला जोर देतं. आयएल-१७ ची इंजेक्शनं पटकन लागू पडतात, दोन-चार आठवड्यांत खवले उतरायला लागतात, कारण निरोप पेशीच्या दारातच अडवला जातो. आयएल-२३ ची थोडी सावकाश चालतात पण त्यांचा परिणाम लांब टिकतो आणि इंजेक्शनमधलं अंतरही जास्त असतं, कारण तिथे मुळात टीएच-१७ चं पोषणच तोडलेलं असतं.

इथे एक थांबा घेते. टी-सेल निरोप देतात, केराटिनोसाइट तो ऐकून जाड होते आणि परत निरोप पाठवते, औषध या फेऱ्यात एका जागी कात्री लावतं. एवढं डोक्यात राहिलं तरी पुढचं सोपं आहे.

आता त्याच जागी परत का येतं. चट्टा साफ झाला, त्वचा हाताला मऊ लागली, तरी तिथे काही टी-सेल कायमच्या वस्तीला राहिलेल्या असतात, त्यांना टिश्यू रेसिडेंट मेमरी सेल म्हणतात, त्या रक्तात परत जातच नाहीत. त्यांचं मूळ काम चांगलं आहे, त्या जागी परत तोच जंतू आला तर लगेच उत्तर द्यायचं. सोरायसिसमध्ये मात्र त्या आयएल-१७ आणि आयएल-२२ सोडायची सवय लक्षात ठेवून बसतात. २००४ मध्ये एक प्रयोग झाला होता, सोरायसिसच्या पेशंटची वरून अगदी चांगली दिसणारी त्वचा विशिष्ट प्रकारच्या उंदरांवर लावली, बाहेरून एकही टी-सेल दिली नाही, तरी तिथे सोरायसिस उमटला, म्हणजे बी त्या त्वचेतच होतं. इंजेक्शन निरोप अडवतं, या वस्तीतल्या पेशींना हाकलत नाही, म्हणून बंद केलं की काही महिन्यांनी त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर परत सुरुवात होते. इंजेक्शन फेल गेलं असा त्याचा अर्थ होत नाही आणि "सवय लागली" असाही नाही. आजार सुरू झाल्यावर लवकरात लवकर नेमकं औषध दिलं तर ही वस्ती कमी बसते का यावर सध्या बरंच काम चाललंय, पण तुमच्या भावाचा आजार जुना आहे, त्यामुळे मी तरी त्याला औषध दीर्घकाळ लागेल असं धरूनच खर्चाचा हिशोब मांडायला सांगेन. पहिले काही महिने कसेबसे पैसे उभे करून नंतर बंद करणं मला सगळ्यात जास्त खटकतं, त्यापेक्षा झेपेल असं औषध सलग घेणं बरं.

इंजेक्शन घ्यावं का नाही हे मी त्याला न तपासता सांगू शकत नाही, ते किती अंग व्यापलंय, टाळू-नखं-तळवे-जांघ यात आहे का, सांधे दुखतात का, मेथोट्रेक्सेट पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस घेतलं होतं का, यावर आहे. पण इंजेक्शन सुरू करण्याआधी काय बघायचं ते या निरोपांवरूनच समजतं. आयएल-१७ चं नैसर्गिक काम बुरशीपासून, खासकरून कँडिडापासून राखण करायचं, जन्मतःच ज्यांचा हा मार्ग बिघडलेला असतो त्यांना तोंडात आणि नखांत कँडिडाचा त्रास सतत होतो. म्हणून हे इंजेक्शन घेणाऱ्या काही जणांना तोंडात पांढरे डाग येतात, बहुतेक वेळा साध्या औषधाने जातात, पण लपवू नका. आतड्याच्या अस्तरालाही आयएल-१७ लागतं, त्यामुळे भावाला किंवा घरात कोणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना सतत सूज येणारे आजार) असेल, वारंवार रक्ताची जुलाब होत असेल, तर आधीच सांगा, मग डॉक्टर बहुधा आयएल-२३ वालं औषध बघतील. टीबी जागा होण्याची भीती टीएनएफच्या इंजेक्शनमध्ये जास्त असते, आयएल-१७ मध्ये बरीच कमी, तरी आपल्या देशात छातीचा एक्सरे आणि मॅन्टू किंवा रक्ताची आयग्रा टेस्ट केल्याशिवाय मी कोणतंच बायोलॉजिक सुरू करत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही पण तपासून घेतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. मध्येच कोणी "गॅरंटीने बरा करतो" म्हणून पुड्या किंवा इंजेक्शनं दिली तर घेऊ नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. पोटातून स्टेरॉईड गेलं की आठवड्यात अंग लख्ख होतं आणि बंद केलं की चक्र आधीपेक्षा जोरात उसळतं, कधी अंगभर लाल होऊन पूसारखे फोड येतात, त्या पस्च्युलर प्रकारात केराटिनोसाइटकडूनच निघणारा आयएल-३६ नावाचा निरोप बेफाम झालेला असतो आणि पेशंटला ॲडमिट करावं लागतं.

भावाला सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली वाटतात का, टाच दुखते का, एखादं बोट सबंधच सुजतं का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, हे आजच विचारून घ्या. सोरायसिसच्या बऱ्याच पेशंटना सांधेदुखीही होते, तिथेही हेच निरोप काम करत असतात, आणि सांधा एकदा झिजला की त्वचेसारखा परत नीट होत नाही. यातलं काही असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, त्यावरून औषधाची निवड बदलू शकते. आणि काढा बंद करून लिव्हरची टेस्ट करून घ्या, तो रिपोर्ट सोबत न्या.